एका कोपऱ्यापुरता अंधार

जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज खगोलज्ञाने १८३५ साली गोल तोंडाच्या दुर्बिणीत तारा कसा दिसायला हवा याचे गणित प्रसिद्ध केले. काच कितीही निर्दोष असो, हवा कितीही स्थिर असो, ताऱ्याचा ठिपका कधीच बिंदूएवढा होत नाही, हे त्या गणिताचे तात्पर्य. दुर्बिणीच्या तोंडाच्या कडेपाशी प्रकाशलहरी पसरतात, एकमेकींत मिसळतात आणि मधल्या तेजस्वी चकतीभोवती फिकट होत जाणारी कडी उमटवतात. पहिल्या कड्याचे तेज चकतीच्या शिखरतेजाच्या पावणेदोन टक्के असते. दहाव्या कड्याशी ते दहा हजाराव्या भागाहूनही थोडे खाली येते. शेजारचे दोन तारे वेगळे ओळखायचे असतील तर ही कडी फारशी आड येत नाहीत. ताऱ्याजवळचा ग्रह पाहायचा म्हटले की मात्र हिशेब पार बदलतो. दृश्य प्रकाशात पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे दहा अब्ज पटींनी फिकी आहे, आणि ३२.६ प्रकाशवर्षांवरून पाहणाऱ्याला या दोघांमधले अंतर अवघे ०.१ विकला, म्हणजे एका अंशाचा छत्तीस हजारावा भाग, एवढेच दिसेल. दूरच्या कोणाला पृथ्वी दिसत नसेल, तर तिचा प्रकाश पोहोचत नाही म्हणून नव्हे. सूर्याच्या कड्यांत ती बुडून जाते म्हणून.

दूरच्या ग्रहांची छायाचित्रे मिळवण्याचा इतिहास सहसा मोठ्या आरशांचा आणि उंच जागांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आरसा वाढला, दुर्बीण डोंगरावर गेली, पुढे अवकाशात गेली आणि ग्रह दिसू लागले. ही मांडणी पुराव्याला उतरत नाही. एअरीच्याच सूत्रावरून साधे गणित करता येते. कड्यांचे तेज अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. केवळ आरसा वाढवून ०.१ विकलेवर दहा अब्जांशाइतका अंधार मिळवायचा, तर दृश्य प्रकाशासाठी सुमारे एक किलोमीटर व्यासाचा आणि संपूर्ण निर्दोष आरसा लागेल. तसा आरसा कोणी करणार नाही. मग जे साधले ते कशाने साधले? खरे वळण तेव्हा आले, जेव्हा ताऱ्याचा प्रकाश सगळीकडून पुसून टाकण्याची आकांक्षा सोडून संशोधक एक सौदा करायला तयार झाले: अंधार हवा तो जिथे ग्रह असण्याचा संभव आहे तेवढ्याच जागी, आणि त्याची किंमत इतर जागी, इतर रूपांत मोजायची. पुढच्या जवळजवळ प्रत्येक यशात हा सौदा आहे आणि अनेक अपयशांत तो न पटल्याच्या खुणा आहेत.

प्रकाश झाकण्याची पहिली मोठी झुंज ग्रहांसाठी नव्हती, सूर्याच्या प्रभामंडलासाठी होती. करोना नावाने ओळखले जाणारे हे विरळ आवरण सूर्यबिंबापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी फिके असते आणि खग्रास ग्रहणाची काही मिनिटे सोडली तर दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हगिन्सने ग्रहणाविना त्याचे छायाचित्र घेण्याचा यत्न केला. जॉर्ज एलरी हेल त्यासाठी १८९३ मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखरावर आणि १८९४ मध्ये सिसिलीतील एटना ज्वालामुखीवर गेला. दोघांनाही यश आले नाही. उंची वाढवून आकाशाचा विखुरलेला उजेड कमी होत होता; दुर्बिणीच्या आतला उजेड मात्र तसाच राहत होता. पॅरिसजवळच्या म्युदों वेधशाळेतील बेर्नार लिओ याने नेमका हा आतला उजेड पकडला. १९३० मध्ये पिरेनीज पर्वतातील पिक द्यु मिदी या सुमारे २,८७० मीटर उंचीच्या शिखरावर त्याने करोनाग्राफ चालवून दाखवला आणि भर दिवसा, ग्रहण नसताना करोना टिपला.

लिओच्या यंत्रातला सूर्यबिंब झाकणारा पडदा कोणालाही सुचला असता. त्याची खरी बुद्धी दिसते ती पुढच्या पायरीत. बिंब झाकल्यावरही वस्तुभिंगाच्या कडेवरून विवर्तनाने वळलेला प्रकाश आत शिरत राहतो. एका मधल्या भिंगाने लिओने वस्तुभिंगाचीच प्रतिमा तयार केली, तेव्हा हा वळलेला प्रकाश त्या प्रतिमेच्या काठावर कड्यासारखा गोळा झालेला सापडला. मग तिथे किंचित लहान छिद्राची चकती बसवून त्याने तो काठच कापून टाकला. त्याबरोबर थोडा उपयोगी प्रकाशही गेला आणि दुर्बिणीचा परिणामकारक व्यासही घटला. सौद्याचे हे पहिले रूप. पुढच्या प्रत्येक करोनाग्राफमध्ये ही चकती लिओच्याच नावाने ओळखली जाते. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तयार केलेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ‘आदित्य-एल१’वरून गेलेला करोनाग्राफही आतून सूर्यबिंब अडवण्याच्या याच घराण्यातला आहे. सूर्यासाठी दहा लाखांशाची लढाई पुरेशी होती. ग्रहांसाठी तिच्यापुढे आणखी दहा हजार पटींचा चढ होता. १९५९ मध्ये नॅन्सी ग्रेस रोमन यांनी अवकाशातील करोनाग्राफने इतर ताऱ्यांचे ग्रह शोधण्याची शक्यता लेखातून मांडली. १९६२ मध्ये लायमन स्पिट्झर यांनी दुर्बिणीपुढे फार दूरवर एक वेगळा पडदा उभारावा असे सुचवले. कल्पना तयार होत्या. त्या चढाचे गणित तयार व्हायचे होते.

ते गणित दोन ठिकाणी, खगोलशास्त्राच्या जवळपास बाहेरच, तयार झाले. फ्रान्समध्ये पिएर जाकिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णपटमापकांसाठी दुर्बिणीचे तोंड मधून स्वच्छ व कडेकडे क्रमाने अंधूक करण्याची रीत विकसित केली. तिचा सविस्तर आढावा १९६४ मध्ये आला. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये डेव्हिड स्लेपियन दूरसंचारातला एक प्रश्न सोडवत होते: मर्यादित जागेत कोंडलेला संकेत दुसऱ्या बाजूला किती एकवटता येतो? १९६५ मध्ये त्यांनी हेच उत्तर प्रकाशाला लावले. निष्कर्ष कठोर होता आणि आश्वासकही. मर्यादित तोंडाच्या दुर्बिणीत ताऱ्याचा प्रकाश सगळीकडे शून्य करणे अशक्यच. मात्र ठरावीक अंतरापलीकडे तो जवळजवळ हवा तेवढा खाली नेता येतो. त्यासाठी मधली चकती फुगू द्यायची आणि काही प्रकाश गमवायचा. घर झाडताना केर नाहीसा होत नाही, एका कोपऱ्यातून दुसरीकडे लोटला जातो, तसा हा व्यवहार. म्हणजे प्रश्न तारा विझवण्याचा उरला नाही, त्याचा प्रकाश कुठे ठेवायचा हा उरला. तरी त्या दशकांत हे गणित ग्रहशोधाच्या कामी आले नाही. कडेकडे अचूक प्रमाणात अंधूक होत जाणारी आणि सगळ्या रंगांना सारखी वागणारी काच अब्जांशाच्या अचूकतेने करणे कारागिरांच्या आवाक्यात नव्हते.

दरम्यान झाकण्याचा जुना मार्ग त्याच्या मर्यादेपर्यंत गेला, आणि त्या मर्यादेनेच बरेच शिकवले. १९८३ मध्ये ‘आयरॅस’ उपग्रहाला काही जवळच्या ताऱ्यांभोवती अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रकाश दिसला. १९८४ मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतील लास कम्पानास वेधशाळेच्या २.५ मीटरच्या दुर्बिणीला करोनाग्राफ जोडला आणि बीटा पिक्टोरिस ताऱ्याभोवतीची धुळीची चकती कडेने पाहिल्यासारखी छायाचित्रात आणली. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रहनिर्मितीचे साहित्य असते याचा तो पहिला दृश्य पुरावा. पण चकती ताऱ्यापासून लांबवर पसरलेली होती. ग्रह असायचे ते आत, जिथे हवेची थरथर ताऱ्याचा प्रकाश फासून टाकत होती. या थरथरीवर १९५३ मध्ये होरेस बॅबकॉक यांनी उपाय सुचवला होता: आरशाचा आकारच क्षणोक्षणी बदलत हवेची चूक उलटवायची. तो अमलात यायला चार दशके लागली. पालोमारच्या १.५ मीटर दुर्बिणीवर या तंत्राच्या साध्या रूपाला करोनाग्राफची जोड मिळाली आणि ग्लीझ २२९ ताऱ्याजवळचा तपकिरी खुजा (ब्राउन ड्वार्फ), म्हणजे तारा आणि ग्रह यांच्या मधला पिंड, सापडला; १९९५ मध्ये तो जाहीर झाला. पुढे त्याच दुर्बिणीवर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने कॅल्टेकबरोबर ‘रोबो-एओ’ ही माणसाविना चालणारी प्रणाली उभी केली आणि केपलर दुर्बिणीने सुचवलेल्या शेकडो ग्रहधारी ताऱ्यांची तपासणी केली. लहान दुर्बीण, पण प्रकाशावर ताबा. या इतिहासात ही जोडी पुन्हापुन्हा येते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. थरथर हवेची असेल, तर दुर्बीण हवेबाहेर नेली की प्रश्न मिटला. मग एवढा खटाटोप कशाला? आरशाच्या पृष्ठभागावर एक बारीक, नियमित लाट आहे असे समजा. तिच्यामुळे ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना ताऱ्याचीच फिकी प्रतिमा उमटते, आणि ती ग्रहासारखीच दिसते. ही खोटी प्रतिमा दहा अब्जांशाच्या खाली ठेवायची, तर लाटेची उंची सुमारे एका पिकोमीटरहून कमी हवी, म्हणजे हायड्रोजन अणूच्या व्यासाच्या साधारण शंभराव्या भागाएवढी. इतका गुळगुळीत आरसा घासून करता येत नाही. हबल दुर्बिणीचा आरसाही त्यापासून फार दूर आहे. अवकाशात हवा नसते, आरशाचे दोष मात्र बरोबर जातात. फरक एवढाच की तिथे ते संथपणे बदलतात, आणि म्हणून ते मोजून उलटवता येतात. १९९५ मध्ये फाब्यां माल्बे, जेफ्री यू आणि मायकेल शाओ यांनी हीच संधी मांडली. लहान-लहान दट्ट्यांनी आकार बदलणारा आरसा वापरून सगळे दोष घालवण्याचा हट्ट धरायचा नाही. प्रतिमेतल्या एका ठरावीक भागातल्या खोट्या प्रतिमा तेवढ्या खोडायच्या. त्या भागाला तंत्रज्ञ ‘डार्क होल’ म्हणतात. त्याचा आकार दट्ट्यांच्या संख्येवर ठरतो. एकच असा आरसा असेल तर आकाराचे आणि तेजाचे दोन्ही दोष ताऱ्याच्या एकाच बाजूला एकत्र आवरता येतात. दुसरी बाजू सोडून द्यायची.

२००१ च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठात स्लेपियनचे गणित आणि हा सौदा एकत्र आले. डेव्हिड स्पर्गेल यांनी सुचवले की काच क्रमाने अंधूक करण्याची गरजच नाही. दुर्बिणीच्या तोंडावर अपारदर्शक मुखवटा ठेवायचा, त्यात बाकदार कडांची उघडी जागा ठेवायची, आणि त्या वक्राच्या आकारातूनच अंधार घडवायचा. जिथे उघडे तिथे पूर्ण उघडे, जिथे बंद तिथे पूर्ण बंद. मधली कोणतीही छटा नाही. जेरेमी कॅझडिन, मायकेल लिटमन आणि इष्टतमीकरणाचे गणिती रॉबर्ट व्हँडरबाय यांनी २००३ पर्यंत या कल्पनेला पद्धतशीर रूप दिले. प्रतिमेचा कोणता भाग किती अंधारा हवा ते आधी सांगायचे, आणि त्या अटीत जास्तीत जास्त प्रकाश आत सोडणारा मुखवटा संगणकाकडून काढून घ्यायचा. उत्तर म्हणून आलेल्या आकारांत ताऱ्याभोवतीचा अंधार बहुधा समोरासमोरच्या दोन पाचरींत, डमरूसारखा मिळे. संपूर्ण परिसर पाहायचा तर दुर्बीण फिरवून पुन्हा छायाचित्र घ्यायचे. त्याच काळात इतर मार्गही निघाले. मार्क कुचनर आणि वेस्ली ट्रॉब यांनी २००२ मध्ये लिओचाच पडदा अशा नक्षीने बदलला की वळलेला प्रकाश अचूक काठावरच जावा. ओलिव्हिए ग्युयों यांनी २००३ मध्ये प्रकाश कापण्याऐवजी खास घडवलेल्या आरशांनी तो मध्याकडे गोळा करण्याची रीत मांडली. काटकसरीच्या दृष्टीने ही रीत सर्वांत देखणी होती, कारण तिच्यात जवळजवळ काहीच वाया जात नव्हते.

त्या मानाने प्रिन्स्टनचा मुखवटा उधळ्या वाटे, आणि त्याच्यावरचा मुख्य आक्षेप हाच होता: ग्रहाकडून आधीच मोजके प्रकाशकण येतात, त्यांतले बरेचसे दुर्बिणीच्या दारातच अडवायचे ही कसली हुशारी? आक्षेप गंभीर आहे, पण त्याचा हिशेब मांडला की तो सैल पडतो. ग्रह ओळखायला लागणारा वेळ भोवतालच्या नको असलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो आणि ग्रहाच्या प्रकाशाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. समजा मुखवट्याने ग्रहाचा प्रकाश एक पंचमांशावर आला. तेवढ्याने वेळ पंचवीस पटींनी वाढेल. पण त्याच जागी ताऱ्याचा प्रकाश दहा लाखांशावर आला, तर वेळ दहा लाख पटींनी घटेल. निव्वळ फायदा चाळीस हजार पटींचा. याहून महत्त्वाची गोष्ट या हिशेबाबाहेर आहे. आरशाच्या दोषांतून आलेल्या खोट्या प्रतिमा यादृच्छिक गोंगाटासारख्या वागत नाहीत. तास-तास पाहत राहिल्याने त्या सरासरीत विरून जात नाहीत. त्या हटल्या नाहीत तर ग्रहाचा प्रकाश कितीही साठवला तरी फुकट. उरतो तो खरा तोटा, की मुखवट्यामुळे ताऱ्याच्या अगदी जवळचा भाग पाहता येत नाही. ही किंमत मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. दूरच्या ताऱ्यांचे वसतियोग्य ग्रह त्यामुळे हातचे जातात. म्हणूनच जवळचे तारे या शोधाचे स्वाभाविक क्षेत्र ठरले.

हे सगळे ज्या मोहिमेसाठी चालले होते ती ‘टेरेस्ट्रियल प्लॅनेट फाइंडर’. नासाने २००४ मध्ये तिची दोन रूपे ठरवली: एक करोनाग्राफचे, दुसरे अवरक्त प्रकाशातल्या व्यतिकरणमापकाचे. पहिल्याच्या आराखड्यात सुमारे ८ बाय ३.५ मीटरचा लंबवर्तुळाकार आरसा होता, आणि दुय्यम आरसा वाटेत येऊ नये म्हणून तो एका बाजूला काढलेला होता. म्हणजे दुर्बिणीचे तोंडच करोनाग्राफच्या सोयीने घडवले जात होते. २००६ च्या सुमारास अर्थसंकल्पाच्या ओढाताणीत ही मोहीम बेमुदत मागे पडली. २००७ मध्ये मात्र जॉन ट्रॉगर आणि वेस्ली ट्रॉब यांनी पॅसाडीनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत निर्वात कक्षात, जवळजवळ एकाच रंगाच्या प्रकाशात, लवचीक आरसा आणि नक्षीचा पडदा वापरून अब्जांशाहूनही खाली अंधार मिळवून दाखवला. तोही ताऱ्याच्या एकाच बाजूला, मर्यादित तुकड्यात. मोहीम थांबली तरी तत्त्व प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते.

यानंतर लगेच आलेली घटना मात्र या मांडणीच्या उलट दिसते. १३ नोव्हेंबर २००८ रोजी दोन शोध एकाच दिवशी जाहीर झाले. क्रिस्तियां मारवा आणि सहकाऱ्यांनी हवाईतील केक आणि जेमिनी दुर्बिणींतून सुमारे १३० प्रकाशवर्षांवरच्या एचआर ८७९९ ताऱ्याभोवती तीन ग्रह टिपले होते. ते मुख्यत्वे विसंबले छायाचित्रांच्या वजाबाकीवर. आकाश फिरते तसे ग्रह प्रतिमेत सरकतात, दुर्बिणीतल्या खोट्या प्रतिमा जागच्या जागी राहतात, मग एकातून दुसरे वजा करायचे. मग प्रकाश घडवण्याची गरज काय, संगणकच पुरे, असे कोणी म्हणेल. पण ते ग्रह गुरूच्या अनेक पट वस्तुमानाचे, जेमतेम काही कोटी वर्षे वयाचे, जन्माच्या उष्णतेने अजून धगधगणारे आणि ताऱ्यापासून दूर आहेत. अवरक्त प्रकाशात ते ताऱ्यापेक्षा साधारण लाखपटच फिके आहेत. लाखाच्या फरकाला वजाबाकी पुरली. दहा अब्जांच्या फरकाला ती पुरणार नाही, कारण जे वजा करायचे तेच मोजमापाच्या चुकीहून प्रचंड मोठे असते. २०१० मध्ये यूजीन सेराबिन, दिमित्री मावे आणि रिक बरस यांनी पालोमारच्या ५.१ मीटर आरशाचा फक्त १.५ मीटरचा भाग वापरला, त्याला प्रकाशाला भोवऱ्यासारखा वळवणारा करोनाग्राफ जोडला आणि तेच तीन ग्रह टिपले. केकचा आरसा दहा मीटरचा आहे. आरशाच्या आकाराचे महत्त्व कमी लेखायचे नाही, पण काय निर्णायक ठरले हे इथे उघड दिसते.

त्या दिवसाचा दुसरा शोध अधिक बोधप्रद ठरला. पॉल कालास आणि सहकाऱ्यांनी हबलच्या करोनाग्राफने फोमलहॉट ताऱ्याच्या धुळीच्या कड्याजवळ सरकणारा ठिपका दाखवला आणि तो ग्रह म्हणून गाजला. पुढच्या वर्षांच्या छायाचित्रांत तो पसरत, फिकट होत गेला. २०२० मध्ये आंद्रास गास्पार आणि जॉर्ज रीके यांनी दाखवून दिले की तो टक्करीतून उडालेल्या, विरत चाललेल्या धुळीचा ढग असावा. ठिपका मिळाला म्हणजे ग्रह मिळाला असे होत नाही. ग्रहाचा प्रकाश ताऱ्याच्या प्रकाशापासून इतका वेगळा करता यावा लागतो की त्याचा वर्णपट काढता येईल. २०१५ मध्ये जेमिनी प्लॅनेट इमेजरने ५१ एरिडानी ताऱ्याच्या सुमारे दोन गुरूंएवढ्या ग्रहाच्या वातावरणात मिथेनच्या खुणा टिपल्या, त्या अशाच वेगळ्या काढलेल्या प्रकाशातून.

याच ठिकाणी आणखी मोठा आक्षेप उभा राहतो. अप्रत्यक्ष पद्धतींनी सहा हजारांवर ग्रह सापडले आहेत. प्रत्यक्ष छायाचित्रांची संख्या त्यापुढे नगण्य. मग हा मार्ग का? ताऱ्यासमोरून ग्रह जाताना त्याचे वातावरण तपासता येते, हे खरे. पण सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या अंतरावर फिरणारा ग्रह आपल्या दृष्टिरेषेत ताऱ्यापुढून जाण्याची शक्यता २१५ पैकी साधारण एक असते. जवळचे सूर्यासारखे तारे मोजकेच आहेत. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या पृथ्व्या ताऱ्यापुढे कधीच येणार नाहीत. ताऱ्याचे डोलणे मोजणारी पद्धत त्यांचे वस्तुमान सांगेल, वातावरणात काय आहे ते सांगणार नाही. त्यांच्या हवेत प्राणवायू आहे की नाही हे कळायला त्यांचा स्वतःचा प्रकाश लागतो.

ज्याला उधळे म्हटले गेले त्या मुखवट्याची कसोटी अनपेक्षित दिशेने आली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या हेरगिरी-उपग्रह चालवणाऱ्या नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिसने न वापरलेल्या २.४ मीटरच्या दोन दुर्बिणी नासाला देऊन टाकल्या. त्यांपैकी एक विश्वाच्या विस्ताराच्या अभ्यासासाठी योजली गेली आणि तिच्यावर प्रायोगिक करोनाग्राफ बसवायचे ठरले. पण ही दुर्बीण करोनाग्राफसाठी घडवलेली नव्हती. तिच्या तोंडामध्ये दुय्यम आरसा आणि त्याला धरणारे सहा खांब आहेत, आणि प्रत्येक कड वेगळे विवर्तन घडवते. स्वच्छ गोल तोंडासाठी आखलेल्या अनेक देखण्या रीती इथे अडखळल्या. मुखवट्याच्या गणिताला मात्र तोंडाचा आकार कसाही चालत होता. खांब हीसुद्धा संगणकाला दिलेली आणखी एक अट. डिसेंबर २०१३ मध्ये निवड झाली, तेव्हा लिओच्या पडद्याचे सुधारित रूप आणि प्रिन्स्टनचा मुखवटा हे दोन मुख्य पर्याय एकत्र घेतले गेले, आणि ग्युयों यांच्या रीतीवर आधारलेला पर्याय राखीव ठेवला गेला. यात मुखवट्याचा निर्विवाद विजय वाचणे चूक होईल. अधिकृत अट पूर्ण करण्याची जबाबदारी लिओच्या वारशाच्या पद्धतीवर आहे; मुखवटे वर्णपटासाठी आणि धुळीच्या रुंद चकत्यांसाठी आहेत. दोघांनाही प्रत्येकी ४८ बाय ४८ दट्ट्यांच्या दोन लवचीक आरशांचा आधार लागतो. मात्र पडदा, मुखवटा आणि आरसे या तिन्ही घटकांत सौदा तोच आहे: ठरावीक भाग अंधारा, त्याची किंमत इतरत्र. मे २०२० मध्ये या दुर्बिणीला नॅन्सी ग्रेस रोमन यांचे नाव देण्यात आले. मे २०२७ पर्यंत ती सोडण्याचे बंधन नासाने घालून घेतले आहे, आणि करोनाग्राफला पहिल्या दीड वर्षात सुमारे ९० दिवस मिळायचे आहेत.

स्पिट्झरचा दूरचा पडदा या सगळ्याला पर्याय नव्हता का? २००६ मध्ये वेबस्टर कॅश यांनी पाकळ्यांच्या आकाराचा पडदा मांडला. डझनावारी मीटर रुंदीचा हा पडदा दुर्बिणीपासून हजारो किलोमीटरवर उडेल आणि ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीत शिरण्याआधीच अडवेल, म्हणजे आरशाचे दोष क्षम्य ठरतील. ही बाजू भक्कम आहे. पण पाकळ्या का लागतात? साध्या गोल पडद्याच्या कडेवरून वळलेला प्रकाश नेमका सावलीच्या मध्यात जमतो. पाकळ्यांची कड त्याला तिथून बाजूला सारते, आणि त्या कडेचे वक्र प्रिन्स्टनच्या मुखवट्यांच्याच जातीच्या गणिताने काढले जातात. किंमतही वेगळ्या रूपात आहेच: प्रत्येक नव्या ताऱ्यासाठी पडदा प्रचंड अंतर हलवावा लागतो, त्यात इंधन आणि दिवस जातात. म्हणजे हा पर्यायसुद्धा सौद्याच्या नियमातून सुटत नाही. सौदा फक्त दुर्बिणीबाहेर होतो.

२०२१ मध्ये अमेरिकी खगोलज्ञांच्या दशवार्षिक आढाव्याने सुमारे सहा मीटर व्यासाच्या अवकाश दुर्बिणीची शिफारस केली. वसतियोग्य पट्ट्यातल्या सुमारे २५ ग्रहांचे वर्णपट घेणे हे तिचे उद्दिष्ट. ‘हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी’ हे तिचे नाव. इथे दहा अब्जांशाचा अंधार लागेल. आरसा तुकड्यांचा झाला तर तुकड्यांमधली प्रत्येक फट २०१२ च्या खांबांसारखीच नवी कड ठरेल. गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास या रचनेसाठी एक स्पष्ट धडा देतो. लिओने स्वतःच्या पडद्यासाठी स्वतःचे भिंग निवडले. २००४ च्या मोहिमेने करोनाग्राफसाठी आरशाचा आकार ठरवला, पण ती उभी राहिली नाही. रोमन दुर्बिणीत आधी दुर्बीण आली, मग तिच्या खांबांशी जुळवून घ्यावे लागले. करोनाग्राफ त्यात पाहुणा राहिला. नव्या दुर्बिणीत आरशाचा व्यास आधी ठरवून करोनाग्राफला उरलेल्या जागेत बसवले, तर मोठ्या आरशासाठी मोजलेला पैसा कड्यांच्या उजेडात वाया जाण्याचा धोका आहे. काही दशांश मीटर व्यास सोडून दुर्बिणीचे तोंड मोकळे ठेवता आले, तर तो बदल बहुधा नफ्याचाच ठरेल. आरसा घासायला घेण्यापूर्वी अंधार कुठे हवा हे ठरवले पाहिजे, कारण पुरेसा प्रकाश गोळा करणे हा या कामातला सोपा भाग आहे.